कवडसा : एका भौमितिक तैलचित्राच्या प्रकल्प नोंदी

४ मार्च

आजपासून नव्या चित्राच्या नोंदी सुरू करत आहे. चित्र चौरस आहे, ९० × ९० सेंटिमीटरचे. त्यात वरून खाली चार आडवे पट्टे आहेत, त्यांची उंची अनुक्रमे १८, ३०, २४ आणि १८ सेंटिमीटर. आणि या चारही पट्ट्यांना छेदत डावीकडून वरून उजवीकडे खाली उतरणारा एक तिरपा चौकोन आहे. आराखडा एवढाच. यात कुठलीही वस्तू नाही, देखावा नाही, एका छटेतून दुसऱ्या छटेत विरत जाणारा रंगही नाही. प्रत्येक आकार एकाच सपाट रंगाने भरायचा आहे. तरीही तो तिरपा चौकोन वेगळा रंगवलेला आकार न वाटता एखाद्या फटीतून आलेला कवडसा पट्ट्यांवर पडला आहे असे वाटावे, हा या कामाचा हेतू आहे.

फिकट रंग आणि उजेड यांतला फरक मला बराच काळ सतावतो आहे. मागच्या दोन चित्रांत जिथे उजेड हवा होता तिथे मी पांढरा मिसळत गेलो, आणि दर वेळी रंग फिका पडला, उजळून काही निघाला नाही. भिंतीवर टांगलेल्या चित्रावर खरा उजेड तर सगळीकडे सारखाच पडलेला असतो. चित्रातला उजेड हा केवळ शेजारशेजारच्या रंगांच्या नात्यातून डोळ्यात तयार होतो. ते नाते नेमके कसे जुळवायचे, हे या वेळी अंदाजाने न करता टप्प्याटप्प्याने तपासायचे ठरवले आहे.

प्लायवूडच्या पॅनेलवर गेसोचे, म्हणजे रंगाखाली द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे, चार हात दिले, प्रत्येक हात आधीच्याला काटकोनात, आणि मध्ये बारीक पॉलिश पेपरने घासून. कॅनव्हासचा पोत या कामात नको होता, कारण विणीचे बारीक उंचवटे स्वतःची सावली पाडतात आणि सपाट रंगाचा सपाटपणा मोडतात.

९ मार्च

रंग मिसळण्याआधी खोलीतला उजेड ठरवून घेणे भाग होते. खिडकीतला उजेड सकाळी निळसर असतो आणि दुपारनंतर पिवळा होत जातो, त्यामुळे सकाळी जुळवलेले दोन रंग संध्याकाळी एकमेकांशी फटकून वागतात. टेबलावर ५००० केल्विनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडाशी जवळीक असलेला, दिवा लावला आहे आणि रंगाचा प्रत्येक निर्णय त्याच्याखाली घ्यायचा, मात्र शेवटची पारख खिडकीच्या उजेडात करायची, असा नियम केला आहे. चित्रकार जोसेफ आल्बर्स यांच्या कामाच्या टेबलांवर उबदार आणि थंड अशा दोन्ही प्रकारच्या उजेडाच्या ट्यूबलाइट लावलेल्या असत. एकात एक बसवलेल्या चौरसांची एकच मालिका १९५० पासून १९७६ साली मृत्यू येईपर्यंत रंगवणाऱ्या माणसाला आपला चौरस कोणत्या उजेडात टिकतो आणि कोणत्या उजेडात विस्कटतो हे पाहावेसे वाटले, यात नवल नाही.

आज याचे प्रात्यक्षिकच मिळाले. एक करडा मी आयव्हरी ब्लॅक आणि टायटॅनियम व्हाइटपासून केला, दुसरा निळा अल्ट्रामरीन, तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना आणि पांढऱ्यापासून. दोन्ही कार्डांच्या कडा एकमेकींना भिडवल्या तेव्हा टेबलावरच्या दिव्याखाली मधली रेघ दिसेनाशी झाली, इतके ते जुळले होते. तीच कार्डे साध्या पिवळ्या बल्बखाली नेली तर दुसरा करडा सरळ तांबूस झाला आणि पहिला होता तसाच राहिला. दोन मिश्रणे डोळ्याला एकसारखी दिसतात म्हणून ती प्रत्येक तरंगलांबीचा प्रकाश सारख्याच प्रमाणात परतवतात असे नाही. दिवा बदलला की हा फरक उघडा पडतो. पट्टा आणि त्यावरचा कवडसा ही शक्यतो त्याच रंगद्रव्यांतून मिसळायची, म्हणजे दिवा बदलला तरी दोघे बरोबर सरकतील, असा निष्कर्ष मी यातून काढला.

१७ मार्च

छोट्या पॅनेलवर पहिला पूर्ण प्रयत्न केला आणि तो फसला. पट्टे वरून खाली असे होते : मातकट तांबडा, फिकट करडा, गडद निळा आणि हिरवट. कवडशासाठी टायटॅनियम व्हाइट आणि थोडा यलो ऑकर यांचे एक मिश्रण केले आणि तेच सारख्या प्रमाणात चारही रंगांत मिसळले. माझा तर्क असा होता की उजेड एकच आहे, म्हणून मिसळायचा रंगही एकच असावा.

जे तयार झाले ते पट्ट्यांवर चिकटवलेल्या पातळ पिवळट कागदासारखे दिसते. पारदर्शकतेचा भास उत्तम झाला आहे. चौकोनाखालून पट्टे सलग जातात याबद्दल डोळ्याला शंका येत नाही. पण हा उजेड नाही. निळ्या पट्ट्यावर चौकोन दुधाळ दिसतो, आणि फिकट करड्यावर तो जवळजवळ नाहीसा होतो, म्हणजे जिथे कवडसा सर्वाधिक झगमगायला हवा तिथेच तो विझला आहे.

२४ मार्च

आठवडाभर या एकाच गोष्टीमागे होतो, आणि आता चूक कळली आहे. ती सविस्तर लिहून ठेवतो.

अर्धपारदर्शक कागद आणि उजेड ही दोन वेगळी यंत्रणा आहेत. कागद खालच्या रंगात स्वतःचा रंग मिसळतो. उजेड स्वतःचा रंग मिसळत नाही, तो प्रत्येक रंगाकडून परत येणारा प्रकाश एकाच पटीने वाढवतो. इटालियन मानसशास्त्रज्ञ फाबिओ मेटेल्ली यांनी पारदर्शकतेच्या भासाचे जे गणित मांडले त्यात पहिला प्रकार नेमका येतो : अशा थराखाली फिकट आणि गडद यांतले अंतर आक्रसते. माझ्या पट्ट्यांचेच उदाहरण घेऊ. रंग किती फिकट वा गडद दिसतो ते मोजणाऱ्या मन्सेलच्या मापपट्टीत ० म्हणजे काळा आणि १० म्हणजे पांढरा. पण तिच्यातला मधला, ५ क्रमांकाचा करडा पडलेल्या प्रकाशापैकी निम्मा परतवत नाही, साधारण २० टक्केच परतवतो. माझा फिकट करडा पट्टा ८ क्रमांकाचा होता, म्हणजे सुमारे ५९ टक्के परतवणारा, आणि निळा ३ क्रमांकाचा, म्हणजे सुमारे ६.५ टक्के. दोघांत नऊपट अंतर. यावर निम्मा झाकणारा आणि स्वतः ८० टक्के परतवणारा पडदा टाकला तर हे आकडे जवळपास ७० आणि ४३ होतात, आणि नऊपटीचे अंतर दीडपटीच्या थोडे वर येऊन थांबते. डोळा हे आक्रसणे लगेच ओळखतो आणि म्हणतो, इथे काहीतरी पांघरले आहे.

याउलट खराखुरा कवडसा पडला आणि त्याने उजेड दुप्पट केला, तर दोन्ही पट्टे दुप्पट होतील आणि नऊपटीचे अंतर नऊपटीचेच राहील. पण ५९ ची दुप्पट ११८ होते, आणि कोणताही रंग पडलेल्या प्रकाशाहून अधिक प्रकाश परत देऊ शकत नाही. टायटॅनियम व्हाइटचा स्वच्छ थरसुद्धा ९० टक्क्यांच्या आसपास थांबतो. थोडक्यात, माझ्या आराखड्यात कवडशाला वर चढायला जागाच शिल्लक नव्हती. उजेड दाखवायचा तर आधी सगळे चित्र खाली उतरवावे लागते, आणि जो पट्टा ‘पांढरा’ वाटायला हवा तोही प्रत्यक्षात मध्यम करडा असावा लागतो.

नवी मांडणी अशी ठरली. करडा पट्टा ८ वरून ६ वर आणला, तांबडा ४ वर, निळा ३ वर आणि हिरवट ५ वर ठेवला. म्हणजे परावर्तन अनुक्रमे सुमारे ३०, १२, ६.५ आणि २० टक्के. हे दुप्पट केले की ६०, २४, १३ आणि ४० होते, आणि मन्सेलच्या भाषेत करडा ६ वरून ८ वर, तांबडा ४ वरून ५.५ च्या किंचित खाली, निळा ३ वरून ४.२ च्या जवळ आणि हिरवट ५ वरून ६.८ वर जातो. करड्याला दोन पायऱ्या चढायच्या आहेत, निळ्याला जेमतेम एक. पहिल्या प्रयत्नात मी याच्या बरोबर उलट केले होते : पांढऱ्याने गडद निळा सर्वात जास्त वर उचलला गेला होता.

संध्याकाळी फक्त काळ्यापांढऱ्या मिश्रणांत हे आकडे कार्डांवर उतरवून कापून मांडले. एकही रंग नसताना, निव्वळ आठ करड्यांत, कवडसा पडला. तो दिसला त्या क्षणी मी काम थांबवले आणि बराच वेळ नुसता पाहत राहिलो.

३१ मार्च

आता रंग. कवडसा उबदार ठेवायचा आहे, आणि उबदार उजेड म्हणजे ज्यात निळ्याचा वाटा कमी असतो. तो तांबड्या पट्ट्यावर पडला तर तांबडा पेटून उठेल, आणि निळ्या पट्ट्यावर पडला तर निळ्याला उजळण्याइतके खाद्यच त्यात नसेल. निळा थोडा वर येईल, पण त्याची तीव्रता उतरेल आणि तो करड्याकडे झुकेल. हे डोक्यात स्पष्ट असूनही हात सवयीने कॅडमियम यलोकडे गेला आणि निळ्याचा हिरवा झाला. अल्ट्रामरीनमध्ये पांढरा आणि बर्न्ट सिएनाचा अगदी सुईच्या टोकावर मावेल इतका अंश घातल्यावर हवा तो रंग मिळाला. पॅलेटवर तो इतका निर्जीव दिसत होता की चाकूने खरवडून टाकणार होतो. पट्ट्यावर लावला तेव्हा तो उन्हातला निळा झाला.

तांबड्यासाठी व्हेनेशियन रेडमध्ये कॅडमियम ऑरेंज आणि थोडा पांढरा. हिरवट पट्टा व्हिरिडियन आणि रॉ अंबरचा आहे. कवडशात तो पिवळ्या शेवाळी रंगाकडे नेला. हे दोन्ही पहिल्याच फेरीत बसले.

करड्याने मात्र दोन दिवस खाल्ले. पॅलेटवर तो तटस्थ होता, पण निळ्या पट्ट्याच्या वर बसवताच खालच्या कडेला पिवळसर दिसू लागला आणि तांबड्याच्या बाजूला हिरवट. हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरलचे जुने निरीक्षण आहे. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगाईचा प्रमुख असताना त्याच्याकडे काळ्या रंगाबद्दल तक्रारी आल्या, आणि तपासाअंती त्याला आढळले की रंगात खोट नाही, शेजारचा रंग काळ्याला बदलून दाखवतो आहे. १८३९ मध्ये त्याने त्याचा नियम मांडला. मी करड्यात निळ्याचा किंचित अंश टाकून तो थंड केला, त्यामुळे कवडशाबाहेरचा भाग सावलीतला वाटू लागला आणि कवडसा आणखी उबदार झाला, त्याला हात न लावता. यापुढे करडा पॅलेटवर जुळवायचा नाही, दोन शेजाऱ्यांच्या मध्ये ठेवूनच जुळवायचा.

सर्व मिश्रणे पॅनेलच्या मागे पेन्सिलने लिहून ठेवली आहेत. आल्बर्स हार्डबोर्डच्या मागे वापरलेल्या रंगांची नावे लिहीत असत. ती सवय प्रत्येक चित्रकाराने लावून घ्यावी असे माझे मत आहे.

७ एप्रिल

मोठ्या पॅनेलवर चारही पट्टे भरून झाले होते, आज कवडशाचे काम घेतले. हा दिवस कडांचा होता.

चौकोनाची तिरपी कड जिथे दोन पट्ट्यांच्या सीमेला छेदते तिथे चार रंग एका बिंदूत भेटतात. असे सहा बिंदू चित्रात आहेत आणि सगळा भास त्यांवर उभा आहे. त्यांपैकी एका ठिकाणी पट्ट्याची सीमा कवडशाच्या आत आणि बाहेर दीड मिलिमीटरने वरखाली झाली, तर तेवढ्यानेच तो कोपरा उजेडातून बाहेर पडला आणि वेगळा कापून चिकटवलेला तुकडा दिसू लागला. ती सीमा चाकूने खरवडून पुन्हा ओढली.

मास्किंग टेप लावून तिची कड चमच्याच्या पाठीने घट्ट दाबली, पॅलेट नाइफने रंग पातळ ओढला आणि रंग ओला असतानाच टेप तिरपी खेचून काढली. रेघ स्वच्छ आली, पण टेपच्या कडेला रंगाची एक सूक्ष्म वरंबी उभी राहिली, जाडीने केसाएवढी. समोरून ती दिसत नाही. दिवा बाजूने आला की तिच्या एका अंगाला चमक आणि दुसऱ्या अंगाला काळी रेघ येते. एकोणिसाव्या शतकात दृष्टीचा अभ्यास करणारे जर्मन शास्त्रज्ञ एवाल्ट हेरिंग यांनी दाखवले होते की कागदावर पडलेल्या सावलीच्या कडेवरून काळी रेघ ओढली की ती सावली राहत नाही, कागदावरचा डाग बनते. माझ्या कवडशाचे हेच झाले : वरंबीने त्याच्याभोवती रेघ ओढली आणि उजेडाचा रंगवलेला चौकोन झाला. डाव्या कडेला आराखड्याची पेन्सिलची रेघही अर्ध्या बोटभर उघडी राहिली होती आणि नेमका तेवढाच भाग सर्वात मेलेला दिसत होता. मऊ, कोरड्या ब्रशने वरंबी ओली असतानाच आडवी निजवली आणि पेन्सिलची रेघ रंगाखाली घेतली. त्यानंतर खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन वळून पाहिले तेव्हा कवडसा परत आला होता.

दुसरी कड करताना निळ्या पट्ट्याचा एक पापुद्रा टेपबरोबर निघून आला. पट्टा चार दिवसांचा होता आणि बोटाला कोरडा लागत होता. तैलरंग पाण्यासारखा उडून सुकत नाही, तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते, आणि ही क्रिया वरून सुरू होते. वरची साय धरलेली असताना आत रंग ओलाच असतो. हे मला पुरते ठाऊक होते, घाई माझी होती.

१० एप्रिल

काम नाही. निळा दुरुस्त करून सुकत ठेवला आहे.

२१ एप्रिल

निळा आता पक्का सुकला, पण त्याचा मधला भाग निस्तेज झाला आहे. दुरुस्तीच्या वेळी खालचा घासलेला थर तेल शोषून गेला आणि वरचे रंगद्रव्य कोरडे उघडे पडले. एरवी हा दोष केवळ चकाकीचा म्हणून सोडून दिला असता, पण इथे तो थेट उजेडाच्या हिशेबात शिरला आहे. तेलाच्या गुळगुळीत थरावरून सुमारे ४ टक्के प्रकाश पृष्ठभागावरूनच परततो आणि तो एकाच दिशेने जातो, त्यामुळे जरा बाजूला उभे राहिले की डोळ्यात येत नाही. पृष्ठभाग खरखरीत झाला की तोच प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि कुठेही उभे राहा, रंगात मिसळतो. ६० टक्के परतवणाऱ्या करड्याला याचे काही वाटत नाही, ६.५ टक्क्यांच्या निळ्याला मात्र ही भर अर्ध्याहून मोठी आहे. पट्टा कवडशाच्या जवळ आला, आणि तेवढ्या भागात उजेड दुप्पट न राहता जेमतेम सव्वापट दिसू लागला.

स्टँड ऑइलमध्ये, म्हणजे तापवून दाट केलेल्या जवसाच्या तेलात, टर्पेन्टाइन मिसळून त्याचा अतिशय पातळ हात निस्तेज भागावर कापडाने चोळला आणि उरलेले पुसून घेतले. निळा तत्काळ खोल गेला आणि कवडसा त्याच्यावरून पुन्हा सलग उतरला. सपाट भौमितिक चित्रात चकाकी सर्वत्र एकसारखी असणे हा केवळ नीटनेटकेपणाचा भाग नाही, हे आज पहिल्यांदा पुरेपूर पटले.

२८ एप्रिल

संध्याकाळी दिवा न लावता चित्रासमोर बसून राहिलो. उजेड कमी होत गेला तसा कवडसा वरून विझत आला. आधी तांबड्या पट्ट्यावरचा भाग काळवंडला, मग करड्यावरची ऊब गेली, आणि शेवटी निळ्यावरचा तुकडा एकटाच तरंगत राहिला, दिवसा होता त्याहून उजळ. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांच्या नावाने ओळखला जाणारा हा परिणाम आहे : दिवसाच्या दृष्टीची संवेदनशीलता ५५५ नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असते, अंधुक उजेडात ती ५०७ च्या आसपास सरकते, म्हणून लाल आधी बुडतो आणि निळा मागे राहतो.

हे टाळता येईल का, याचा विचार केला. तांबडा आणखी वर नेला तर संध्याकाळी तो टिकेल, पण दिवसा दुपटीचा हिशेब मोडेल. काही बदलणार नाही. कवडसा संध्याकाळी वरून खाली विझतो, हे मला आवडले आहे.

१२ मे

आज काम थांबवले. शेवटचे चार दिवस एकाच प्रश्नात गेले : चौकोनाच्या कडा थोड्या मऊ कराव्यात का. खऱ्या कवडशाची कड कधीच धारदार नसते, तिला उपछायेची, म्हणजे अर्धवट उजेडाची, एक अरुंद झालर असते, आणि छोट्या पॅनेलवर तशी झालर करून पाहिली तेव्हा उजेड नक्कीच अधिक खरा झाला. पण तो उजेड मग देखाव्यातला झाला. भिंत आली, खिडकी आली, दिवसाची वेळ आली. धारदार कडेत डोळ्याला दोन्ही गोष्टी एकदम धराव्या लागतात, की हा सपाट रंगाचा चौकोन आहे आणि हा पडलेला उजेडही आहे, आणि पाहता पाहता तो एकातून दुसऱ्यात जातो. मला हेच हवे आहे. कडा आहेत तशा राहतील.

करड्यावरचा कवडसा ८ च्या थोडा खाली ठेवला आहे. लिनसीड म्हणजे जवसाचे तेल कालांतराने पिवळे पडते आणि फिकट रंगांत ते आधी दिसते, म्हणून तेवढ्या भागासाठी रंग सॅफ्लॉवर म्हणजे करडईच्या तेलातला वापरला. तो कमी पिवळा पडतो, फक्त सुकायला वेळ घेतो. अंधारात तेलाचा पिवळेपणा वाढतो, तेव्हा चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवायचे नाही. वॉर्निश नोव्हेंबरच्या आधी नाही, आणि तेही कृत्रिम रेझिनचे, सगळीकडे सारख्या चकाकीचे.

उजवीकडचा सर्वात खालचा छेदबिंदू, जिथे निळा आणि हिरवट भेटतात, अजून अर्ध्या मिलिमीटरने चुकलेला आहे. हिरवट पट्टा पूर्ण सुकला की तो दुरुस्त करायचा आहे. त्याचे मिश्रण मागच्या बाजूला डाव्या कोपऱ्यात लिहिले आहे.